खिडकीतली बरणी

गोदीमागच्या गल्लीत माझं धुलाईचं दुकान.
आठ यंत्रं, त्यातली सहा चालू.
ग्रिम्सबीची माणसं खिसे न चाचपताच कपडे टाकतात,
म्हणून रात्री गाळणी उपसली की
धाग्यांचा गुंता, केसांच्या पिना, माशाचे खवले
आणि चिल्लर.
तीस वर्षं मी ती चिल्लर
एप्रनला पुसून गल्ल्यात टाकली.

डेझ ब्लँचर्ड आला तो डाग दाखवायला आल्यासारखा.
तळहातावर काळी चकती.
"हिल्डा, तू रक्ताचे डाग काढतेस,
डिझेलचे काढतेस. हा काढ."
निवृत्त झाल्यापासून तो नांगरलेल्या शेतांतून
कानाला यंत्र लावून फिरायचा.
शेतमालकाला वर्षाकाठी एक व्हिस्कीची बाटली,
आणि बदल्यात
बुचं, ट्रॅक्टरचे नट,
कधीतरी एखादी पेनी.

मी म्हटलं, पैसे घेणार नाही,
पण पदरचा खर्चही करणार नाही.
चिप्सच्या दुकानातून व्हिनेगरच्या पुड्या आणल्या, फुकट.
चमचाभर मीठ.
कपावर दोघं वाकून बसलो.
पेनी बाहेर आली ती गुलाबी, सोललेली,
जुनं बँडेज उचकटल्यावर दिसते तशी.
राणी गेली होती. हनुवटी तेवढी उरली.
डेझ काही बोलला नाही.

हिरवं होतं ते मळ नव्हतं.
शंभर वर्षांत धरलेली साय होती ती,
आणि हे मला, डाग काढून पोट भरणाऱ्या बाईला,
साय खरवडून झाल्यावर कळलं.

मग चांदीचं सहा पेन्सचं नाणं.
अॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा, कढत पाणी.
कुजक्या अंड्यांचा असा भपकारा सुटला
की तीन नंबरपाशी बसलेली बाई
ओले कपडे घेऊन उठून गेली.
नाणं मात्र लख्ख.
डेझला चेव चढला. टोमॅटो सॉस आणला, कोला आणला,
कवळी धुवायच्या गोळ्या आणल्या.
मी म्हटलं, गोळ्या कवळीलाच वापर,
तिला जास्त गरज आहे.

फेब्रुवारीत त्यानं रुमालात बांधून आणला
बटणाएवढा मातीचा गोळा.
"रोमन असेल," म्हणाला, इतक्या हळू
जणू यंत्रांच्या कानावर जायला नको.

ह्याला व्हिनेगर दाखवायचं नाही, एवढं ठरलं.
औषधाच्या दुकानात कानातला मळ मऊ करायला
ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली मिळते, स्वस्तात.
मार्मालेडची रिकामी बरणी होती.
ती खिडकीत ठेवली, साबणाच्या खोक्याशेजारी.
तेल काळवंडलं की बदलायचं.
महिन्यातून एकदा बाहेर काढून
कुंपणावरच्या हॉथॉर्नच्या काट्यानं
(सुई नको, सुई उतावळी असते)
माती कणाकणानं हलवायची.
ती नाही म्हणेल तिथं थांबायचं.

मे महिन्यात डेझच्या गुडघ्यांनी हात टेकले.
मुलगी त्याला नदीपलीकडे घेऊन गेली, हल गावी.
"बरणी तुझ्याकडेच राहू दे," म्हणाला,
"मोटारीत हिंदकळेल."

माझ्याकडे सगळं चाळीस मिनिटांत होतं,
धुणं, खळबळणं, पिळणं.
टिंग वाजतं, माणसं उठतात.
बरणीला टिंग नाही.
कधीकधी दुकान बंद करूनही
मी तिच्यापाशी उगाच रेंगाळते.

काल काट्याच्या टोकाखाली एक कड वळली.
मी चष्मा बदलला. दिव्याखाली धरलं.
हलला फोन लावला.

"डेझ, कान निघालाय."

तिकडचा टीव्ही बंद झाला.
"एकच?"

"एकच. तोंड वळवून बसलाय तो."

बराच वेळ नुसता श्वास.
मग, "नाकाला घाई करू नकोस."

नाही केली.
नवं तेल ओतलं,
झाकण टेकवलं, घट्ट नाही,
आणि तीन नंबरच्या गाळणीत अडकलेलं कुणाचं तरी नाणं
न पुसता
बाजूला ठेवलं.